तीस पोती आणि दोन तलवारी

खानावळीत बिलासोबत बडीशेप येते आणि बडीशेपेशेजारी दात कोरायच्या काड्या. दुपारी अशी काडी हातात आली की हमखास एदोतला, म्हणजे जुन्या तोक्योतला, भुकेला सामुराई आठवतो. जपानी म्हण सांगते, सामुराई जेवला नसला तरी ऐटीत दात कोरतो. आपल्याकडे ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ हा निव्वळ टोमणा. जपानी म्हणीत थोडं कौतुकही आहे, आणि तेच मला जरा खटकतं.

सिनेमातला सामुराई सदा तलवार उपसतो. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाच्या, पदरचा खालचा सामुराई चाकर मात्र हिशेब करत बसलेला असे. ठरलेला पगार तांदळात, ‘तीस पोती, दोन माणसं’. पोतं साडेतीन तोंचं, म्हणजे साधारण बावन्न किलोचं. ‘दोन माणसं’ म्हणजे माणशी रोज पाच गो, जवळपास 900 मिलिलिटर तांदूळ. सगळं मिळून वर्षाला चौदा कोकू. एक कोकू म्हणजे 180 लिटर, एका माणसाचं वर्षाचं खाणं. चौदा माणसांचं खाणं मिळतंय, मग तक्रार कसली? पण हा तांदूळ कोंड्यासकट यायचा, कांडला की दहावा हिस्सा गेला. उरलेल्यात घरच्यांची पोटं, आणि मीठ, तेल, सरपण, कपडे, लग्नाचे आहेर हे सगळं तांदूळ विकूनच. शिवाय भाव पडला की पगार पडला. पीक चांगलं आलं म्हणून रडणारी ही एकच जमात असावी.

पगार वर्षातून तीनदा, एदोतल्या आसाकुसा भागातल्या सरकारी कोठारांतून. वसंतात पाव, उन्हाळ्यात पाव, हिवाळ्यात उरलेला अर्धा. स्वतः रांगेत उभं राहायचं नसेल तर हे काम फुदासाशी नावाच्या तांदूळ-दलालाकडे. शंभर पोत्यांमागे उचलायचा एक बू, विकून द्यायचे दोन बू. बू हे नाणं, चार बूंचा एक र्‍यो, त्यामुळे दलाली फार नव्हे. खरी मेख पुढे होती. पुढच्या हप्त्याचा तांदूळ तारण ठेवून दलाल उसने द्यायचा, आणि हप्ता आला की मुद्दल-व्याज आधी कापून घ्यायचा. मग पुन्हा उसने. 1724 मध्ये अशा 109 दलालांना सरकारनं अधिकृत मान्यता दिली. 1789 मध्ये शोगुनचा मुख्य मंत्री मात्सुदाइरा सादानोबूनं जुनी कर्जं माफ केली, तेव्हा सामुराई खूश झाले. पण दलालांनी नवं उसनं द्यायला हात आखडता घेतला, आणि वर्षअखेरीला बिचारे पूर्वीपेक्षा जास्त अडकले.

म्हणून घरबसल्या जोडधंदा. चाकरीची पाळी रोज नसे, मधले दिवस मोकळे. एदोच्या आओयामा भागातले सामुराई छत्र्या करत. जुन्या छत्र्या विकत घेणारे फेरीवाले होते. तेलकट कागद सोलून मासे आणि मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा) बांधायला विकला जायचा, आणि बांबूच्या काड्यांवर नवा कागद चढायचा. खळ पातळ झाली तर कागद काडीवरून सुटतो, घट्ट झाली तर सुरकुती पडते. कागद नीट वाळायच्या आधी तेल दिलं तर डाग पडतात, आणि तेल वाळायला ऊन लागतं. छत्री पावसासाठी आणि ती करायला ऊन हवं, म्हणजे पावसाळी महिन्यात धंदा ठप्प. ओकुबोतल्या बंदूकधारी शंभरांच्या तुकडीनं अझेलियाची फुलझाडं वाढवली. शिताया भागातले लोक गारवेलीसारख्या वेलींच्या कुंड्या विकत. मला यातले ओकुबोवाले अधिक आवडतात. बंदुकीची दारू ज्या मातीत सांडली, तिथेच बाग.

तलवारींचंही काम होतंच. जुनं तेल कागदानं पुसायचं, दगडाच्या बारीक भुकटीची पुरचुंडी पात्यावर हलकेच आपटायची, पुन्हा पुसायचं, मग लवंगेच्या वासाचं तेल अगदी पातळ. बोटाचा ठसा राहिला तर गंज धरतो. काहींनी तर पातं गहाण टाकून म्यानात बांबूची पट्टी ठेवली होती म्हणतात. तिला गंज नाही!

1876 च्या मार्चमध्ये तलवार लटकवायला बंदी आली आणि ऑगस्टमध्ये पगाराचे सरकारी रोखे झाले. पगार थांबला, व्याज सुरू झालं. अनेकांचे रोखे थोड्याच वर्षांत विकले गेले. बाकी काय, उधारीची सवय सगळ्यांना आधीपासूनच होती.