चिंबोरी लाल कशी?

जून लागला की आमची एकच धांदल असते. शाळा पंधरा तारखेच्या आसपास सुरू होतात, त्याच्या आत पुस्तकं पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हारच्या पाड्यांवर पोचवायची, कारण एकदा पाऊस धरला की कसाऱ्याहून खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला टेम्पोवाले नको म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही, पुस्तकांची गोणी भिजली की तिचा लगदाच होतो. मी ज्या छोट्या संस्थेत काम करते ती तिकडच्या जिल्हा परिषद शाळांमधे वाचनपेट्या ठेवते. नुसती पेटी ठेवून यायचं नाही, महिन्यातून दोनदा जाऊन मुलांबरोबर बसून वाचायचं. पण पुस्तकं गोळा होतात ती सगळी इथे मुंबईत. करी रोडला एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावरचा हॉल आम्हाला शनिवारचा वापरायला देतात, शेजारीच टॉवरचं काम चालू आहे, दिवसभर ठकठक आणि खिडकी उघडली की टेबलावर सिमेंटची धूळ.

त्या शनिवारी एकवीस गोण्या आल्या होत्या. सोसायट्यांमधे मेसेज फिरवला होता, गावातल्या मुलांसाठी पुस्तकं द्या, आणि लोकांनी मनापासून दिली होती याबद्दल मला शंका नाही, एका आजींनी तर प्रत्येक पुस्तकाला ब्राऊन पेपरचं कव्हर घालून वर पेनाने नाव लिहून दिलेलं. पण गोण्या सोडल्यावर काय निघालं म्हणाल तर दहावीचे प्रश्नसंच, इंजिनिअरिंगच्या एन्ट्रन्सचे ठोकळे, अर्ध्या लिहिलेल्या डायऱ्या, मिक्सरचं माहितीपत्रक, बर्फ आणि राजवाड्यांच्या इंग्लिश परीकथा, आणि मराठी होतं ते बहुतेक मोठ्यांचं, कादंबऱ्या, दिवाळी अंक, चरित्रं. सकाळी आठपासून मी आणि कॉलेजची दोन मुलं फरशीवर बसून निवडत होतो, घामाने हाताला शाई लागत होती, आणि पहिली ते पाचवीच्या मुलाला हातात धरून वाचता येईल असा ढीग दुपारपर्यंत गुडघ्याएवढा पण झाला नव्हता.

त्यात आमच्या संस्थेच्या सरांचा फोन. चार वाजता टेम्पो येतोय, फुल लोड पाठव, सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या निधीतून, पैसे देणाऱ्या कंपनीला पाच हजार पुस्तकांचा आकडा दिलाय, फोटो पण लागतील. मी म्हटलं सर यातलं पाऊण काही कामाचं नाहीये. ते म्हणाले अगं काही नसण्यापेक्षा असलेलं बरं, मोठी मुलं वाचतील. हे वाक्य मी सात वर्षं ऐकतेय आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी दुपारपर्यंत माझंही मन तिकडेच झुकत होतं, कारण थकवा आला होता आणि टेम्पोचं भाडं तर भरलेलंच.

तीनच्या सुमारास साईटवरची एक बाई हंडा घेऊन हॉलच्या नळावर आली. रोज येते, वॉचमन काका तिला पाणी भरू देतात. तिच्या मागे दहाएक वर्षांचा पोरगा, पायात मोठ्या माणसाच्या चपला. तो दारात उभा राहून ढिगाकडे बघत होता. मी विचारलं कुठल्या ओ तुम्ही, तर म्हणाली मोखाड्याच्या. मी निवडणं थांबवलं. आम्ही ज्या गावांना पुस्तकं पाठवायची म्हणून सकाळपासून बसलेलो त्याच भागातला मुलगा इथे करी रोडला माझ्यासमोर उभा होता.

दिवाळी झाली की निघतात, नागली-वरई घरात आल्यावर. कोणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, कोणी ठाण्या-मुंबईला नाक्यावर, हे कुटुंब मुकादमाबरोबर थेट टॉवरवर आलेलं. पोराचं काय विचारलं तर म्हणाली चौथी झाली त्याची, आता पाचवीला. म्हणजे नाव पटावर आणि तो इथे, वर्षातले सहा-सात महिने. खरंतर असं स्थलांतर होतं तेव्हा शाळेने मुलाच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं, ते दाखवलं की जिथे जाल तिथल्या शाळेत बसता येतं, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तर दाखला नाही म्हणून कोणतीच शाळा त्याला परत पाठवू शकत नाही. यांना कोणी काही दिलं नव्हतं आणि यांनी कुठे विचारलंही नव्हतं. साईटपासून महापालिकेची शाळा चालत दहा मिनिटांवर आहे. सहा महिने तो तिच्यावरून ये-जा करत होता.

मी त्याला म्हटलं ये, बस, बघ काय आवडतंय. त्याने आधी सगळ्यात जाड, चकचकीत पुस्तक उचललं, कुणीही तेच उचलेल, चित्रं बघितली आणि अलगद परत ठेवलं, जसं होतं तसं. मग ढिगात त्याला पाठ्यपुस्तक दिसलं, बालभारतीचं जुनं दुसरीचं, आणि चेहराच बदलला. उघडून एक कविता धडाधड म्हणून दाखवली, चालीवर, एक शब्द न चुकता. कॉलेजची मुलं टाळ्या वाजवायला लागली. पण मी त्याच्या बोटाकडे बघत होते. बोट दुसऱ्या ओळीवर होतं आणि तोंड पाचव्या. कविता संपली तेव्हा बोट पानाच्या मधेच. हे मी पाड्यांवर इतक्यांदा बघितलंय की आता आवाज ऐकूनच कळतं, वाचणारं मूल कुठेतरी अडखळतं, पाठ म्हणणारं कधीच अडखळत नाही.

माझ्या पर्समधे एक कागद कायम असतो, असरच्या चाचणीसारखा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रथम संस्था २००५ पासून गावोगावी घरी जाऊन मुलांची ही चाचणी घेते, एकेका मुलाला समोर बसवून, आधी अक्षरं, मग शब्द, मग चार वाक्यांचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी ती गोष्ट वाचता येणारी साधारण २७ टक्के होती, कोविडनंतर २०२२ ला तर २०.५. म्हणजे २०२४ लाही चारातलं एकच मूल. बाकीची तिघं पुढच्या वर्गात सरकत राहतात आणि पुस्तकं मात्र त्यांच्या इयत्तेची येत राहतात.

पोराला अक्षरं आली. शब्द बरेचसे आले, काना जमत होता, मात्रा जमत होती. "किडा" वर थांबला. पहिली वेलांटी डोळ्याला अक्षराच्या आधी दिसते आणि तोंडात अक्षराच्या नंतर येते, हे आपण विसरून गेलेलो असतो, पण नव्याने वाचणाऱ्या मुलाला तिथे ठेच लागते, तो काठीला काना समजून आधीच्या अक्षराला चिकटवतो. जोडाक्षरं अजिबात नाही. परिच्छेदाच्या दुसऱ्या ओळीत त्याने मान खाली घातली. मी कागद काढून घेतला आणि म्हटलं छान वाचलंस, कारण जेवढं वाचलं तेवढं खरंच वाचलं होतं.

मग मी आमच्या स्वतःच्या छापलेल्या पुस्तकांतलं एक आणलं. आठ पानं, मधे दोन पिना, एका पानावर एक ओळ आणि वर चित्र. अशी आम्ही दरवर्षी थोडी बनवतो, पैसे पुरतील तेवढी. नदीवरचं पुस्तक होतं. नदीत मासा आहे. पाण्यात बेडूक आहे. तो बोट ठेवून वाचत होता, बोट आणि आवाज आता बरोबर चालत होते. "पाण्यात" ला अडला, मी सांगितलं, पुढच्या पानावर तोच शब्द आला तेव्हा स्वतः वाचला. आई हंडा भरून दारात उभी होती, जायचं होतं तिला पण गेली नाही.

पाचव्या पानावर, दगडाखाली लाल खेकडा आहे. द-ग-डा-खा-ली, लाल, खे-क-डा. थांबला. चित्राकडे बघितलं. पुन्हा शब्दाकडे. मला वाटलं खेकडा शब्द अडला असेल, आणि तसंच होतं, म्हणाला, "ही त चिंबोरी." मी म्हटलं हो, चिंबोरीलाच पुस्तकात खेकडा म्हणतात. त्यावर त्याने मान हलवली, ते त्याला पटलं होतं, पण बोट अजून तिथेच.

"लाल कशी?"

"म्हणजे?"

"चिंबोरी लाल नसते. शिजवल्यावर लाल होते."

आणि मग त्याने जे केलं ते मला अजून डोळ्यासमोर दिसतं. त्याने पान मागे उलटलं, चौथं पान पुन्हा वाचलं, मग पाचवं पुन्हा, हळू, ओठ हलवत, कुठे शिजवल्याचं लिहिलंय का ते बघायला. मग सहावं, सातवं. नाही लिहिलेलं. मग माझ्याकडे बघून सांगितलं, "दगडाखाली हाये म्हणजे जित्ती आहे. चूक लिवलंय."

ते पुस्तक आम्ही इथे मुंबईत बनवलं होतं. चार जणांनी प्रूफ तपासलं होतं, मी त्यातली एक, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा बघितलं होतं, आणि सगळ्यांनी आयुष्यात खेकडा बघितलेला तो बहुतेक ताटातच. तीनशे प्रती लाल छापून गेल्या. दोन वर्षं ते पुस्तक पाड्यांवर फिरतंय, कितीतरी मुलांना हे दिसलं असणार, पण पुस्तकात छापलेलं चूक असू शकतं आणि ते आपण बोलू शकतो असं त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. आम्हीही नाही. आम्ही विचारायचो समजलं का, ती हो म्हणायची. या पोराने शब्द वाचला, त्याचा अर्थ लावला, स्वतःला माहीत असलेल्याशी ताडून बघितला आणि मजकुराला जाब विचारला, आणि हे सगळं त्याला त्या जाड चकचकीत पुस्तकातून कधीच करता आलं नसतं कारण तिथे पहिल्याच ओळीत तीन जोडाक्षरं होती.

ज्या पालघरात आमची पुस्तकं जातात, तिथेच बालशिक्षणासाठी आयुष्य दिलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत काम सुरू केलं, बरोबर अनुताई वाघ होत्या, नंतर दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा गुरांमागे कुरणात नेली त्यांनी, कुरणशाळा. ट्रेनिंगमधे हे मी दरवर्षी सांगते. आणि तरी माझ्या डोक्यात पोचवायचं ते पुस्तक, मूल नाही. मूल करी रोडला होतं, टॉवरच्या सातव्या स्लॅबखाली.

मी सरांना फोन केला आणि सांगितलं की सहाच खोकी जातील. ते चिडले, आकड्याचं काय करू म्हणाले, बराच वेळ बोलले आणि मी ऐकून घेतलं, पण गोण्या परत बांधायला लावल्या, मोठ्यांची पुस्तकं एका वाचनालयाला, बाकी रद्दीत, त्याचे पैसे छपाईला. कंपनीला खरा आकडा कळवा, हवं तर मी येऊन समजावते असंही बोलले. पुढे त्यावरून ऑफिसात बरंच झालं, ते इथे नको. आजींची कव्हरं घातलेली पुस्तकं मात्र मी स्वतः दादरच्या एका वाचनालयात नेऊन दिली, टाकवेनात.

आईला विचारलं आता महापालिकेच्या शाळेत घालूया का, मी येते बरोबर. ती म्हणाली आता कुठं ताई, सोमवारी निघायचंय, पेरणी आहे. मग गावाचं नाव, शाळेचं नाव लिहून घेतलं, आमच्या यादीतल्या शाळेपासून दीड-दोन किलोमीटरवर. तिला दोनदा सांगितलं की दिवाळीला निघताना गुरुजींकडून हमी पत्रक मागा, आणि माझा नंबर तिच्या नवऱ्याच्या फोनमधे सेव्ह करून दिला. तिने पोराला म्हटलं चल रे, तो हलला नाही.

"हे नेऊ?" नदीचं पुस्तक.

म्हटलं ने.

"खडू हाये?"

आम्ही मुलांना पहिल्या दिवशी सांगतो, पुस्तकात लिहायचं नाही, रंगवायचं नाही. मी खडूंची पेटी काढून दिली. त्याने तपकिरी घेतला, मग काळा, दोन्ही हातावर घासून बघितले, आणि फरशीवर पालथं पडून चिंबोरीच्या लालवर तपकिरी चढवायला लागला, नांग्यांच्या कडेला काळा. बाहेर टेम्पोवाले काका हॉर्न देत होते, मुलं खोकी उचलत होती. रंगवून झाल्यावर "खेकडा" शब्दाच्या खाली त्याने च काढला, आणि मान न उचलताच विचारलं,

"बाई, चिं ची वेलांटी पहिली का दुसरी?"

"पहिली. आणि वर अनुस्वार."

त्याने च च्या आधी काठी मारली, वरून गोल वळवून आणली.