ग्राहकाच्या म्हणण्यानुसार

‘ग्राहकाच्या म्हणण्यानुसार इंजिन बंद पडले आहे,’ असे जॉब कार्डवर लिहून सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने सहीसाठी कागद माझ्यासमोर सरकवला.

नवीकोरी गाडी टोइंगच्या ट्रकवरून आली होती आणि तिचा क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा, जागचा हलत नाही, हे त्यांच्याच मेकॅनिकने पाना लावून माझ्यादेखत पाहिले होते. तरीही कागदावर ते केवळ माझे म्हणणे होते.

त्याखालची ओळ अधिक खटकली. इंजिन उघडण्यास मी लेखी संमती द्यायची आणि दोष वॉरंटीत बसत नाही असे ठरल्यास मजुरी मीच भरायची. ठरवणार अर्थातच ते. इंजिनात पाणी शिरलेले असू शकते, ऑइल कमी पडलेले असू शकते, इंधन भेसळीचे असू शकते, असे त्याने अत्यंत नम्रपणे सांगितले. यादीत इंजिनाचा स्वतःचा दोष मात्र नव्हता.

मी सही केली, पण त्याआधी स्वतःच्या हाताने लिहिले, की इंजिन माझ्यासमोर उघडावे, आणि ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात, साठलेले फॉल्ट कोड (दोषांचे संकेतांक), दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, इंजिनाच्या फेऱ्या व कूलंटचे तापमान यांच्या नोंदींसह, पुसण्यापूर्वी मला छापून द्यावेत. तेव्हा प्रथमच तो ‘वरिष्ठांना विचारतो’ म्हणाला.

याच इमारतीत गाडी विकताना इंजिनाच्या दणकटपणाचे प्रत्येक विधान ठाम होते. तेव्हा ‘विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार’ असे कोणी कुठे लिहिले होते?