पडवीतलं युद्ध

मालवणात पाऊस धरला की मासेमारी बंद आणि आमच्या पडवीत जागतिक राजकारण सुरू. काल मी युरोपातल्या कोसोव्होचं युद्ध काढलं. १९९९ साली नाटोने ७८ दिवस नुसती बॉम्बफेक केली, पायदळ लढाईत उतरवलंच नाही, तरी युगोस्लाव्हियाच्या मिलोशेविचने तिथलं सैन्य मागे घेतलं की!

आबा फाटकं जाळं पायाच्या अंगठ्याला अडकवून सांधत होते. १९८७ ला ते भारताच्या शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेले. मान वर न करता म्हणाले, "विमान वरसून बॉम्ब टाकता नि घराक जाता. मगे थंय उभो कोण रवतलो?"

"तुमी रवलास मां उभे? काय झाला त्येचा?"

बोललो आणि जीभ चावली. तिथे आपले सुमारे १,२०० जवान मारले गेले. मार्च १९९० मध्ये सैन्य परतलं, यादवी चालूच राहिली.

आबांची सुई थांबली. समेट म्हणून मीच लिबिया काढला: २०११ मध्ये नाटोच्या विमानांच्या मदतीने तिथला हुकूमशहा गद्दाफी गेला, मागे देश सावरायला कोणी नव्हतं. हा मुद्दा त्यांच्या बाजूचा. (मला तरीही विमानंच बरी वाटतात. आबांचा गुडघा रोज बघतो ना.)

"लिबियाक दर्या आसा?" आबांनी विचारलं.

"आसा."

"मगे मासे खंयचे गावतत?"