ब्यूफर्ट, सेंट हेलेना, मिचेलव्हिल: प्लँटेशनचं तिकीट काढण्याआधी जमिनीचं विचारा

अमेरिकेतल्या यादवीनंतरचा पुनर्रचना काळ, म्हणजे गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याचा काळ, बघायला साउथ कॅरोलायनाला जाणार असाल, तर पहिली सूचना: चार्ल्सटनजवळच्या प्लँटेशनवर, म्हणजे गुलामांकडून राबवलेल्या जुन्या मळ्यांवर, पैसे घालवू नका. माहितीपत्रकावर 'युद्ध, मुक्ती आणि पुनर्रचना' असं ठळक छापलेलं असलं तरी नाही. बऱ्याच ठिकाणी माणशी तीस डॉलरच्या वर तिकीट, वाडा आतून बघायला वेगळे पैसे, गुलामांच्या खोपटांपर्यंत नेणाऱ्या गाडीचे आणखी वेगळे. एवढं मोजून १८६५ नंतरच्या काळाबद्दल ऐकायला मिळतं एक वाक्य: युद्ध संपलं आणि ते स्वतंत्र झाले. ही फसवणूक आहे. खिडकीवरच विचारा, "१८६५ नंतर ही जमीन कुणाकडे गेली?" नीट उत्तर आलं नाही तर गाडी वळवा.

आपल्याकडचे वाचक या विषयाकडे बहुधा जोतीराव फुल्यांमुळे येतात. 'गुलामगिरी' त्यांनी १८७३ साली अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी कृष्णवर्णीयांची कत्तल झाली. मुक्तीनंतरचा हा झगडा समजून घ्यायचा तर मुक्काम ब्यूफर्टला टाका. सव्हाना विमानतळाहून सुमारे तासाभराचा रस्ता, चार्ल्सटनहून दीड तासाचा. स्वतःची गाडी हवीच; सार्वजनिक वाहनाच्या भरवशावर यातलं काहीही होत नाही.

ब्यूफर्टच का, तर पुनर्रचना इथे युद्ध संपायच्या आधीच सुरू झाली. ७ नोव्हेंबर १८६१ ला उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी घेतली, गोरे मालक पळाले आणि सुमारे दहा हजार गुलाम मागे राहिले. क्रेव्हन स्ट्रीटवरच्या जुन्या अग्निशमन केंद्रात राष्ट्रीय उद्यानाचं माहिती केंद्र आहे. प्रवेश फुकट. मंगळवार ते शनिवार यातलाच दिवस धरा आणि वेळ आदल्या दिवशी ताडून घ्या. तिथल्या रेंजरशी, म्हणजे उद्यानाच्या माहितगार कर्मचाऱ्याशी, तासभर बोला. प्लँटेशनच्या फेरीपेक्षा इथे कितीतरी जास्त मिळतं. तिथून चालत प्रिन्स स्ट्रीटवर ५११ क्रमांकाच्या घरापर्यंत जा. रॉबर्ट स्मॉल्स याच घराच्या मागच्या खोपटात १८३९ साली गुलाम म्हणून जन्मले. १३ मे १८६२ च्या पहाटे 'प्लँटर' नावाचं दक्षिणेच्या सैन्याचं जहाज त्यांनी चार्ल्सटन बंदरातून पळवलं, पुढे हेच घर करवसुलीच्या लिलावात विकत घेतलं आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, निवडून गेले. घरासाठी जुन्या मालकाच्या बाजूने दावा दाखल झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि स्मॉल्स जिंकले. घर रस्त्यावरूनच बघा.

हा करलिलाव नीट समजून घ्या, कारण पुढच्या सगळ्या प्रवासाची किल्ली तीच आहे. १८६१ साली युद्धखर्चासाठी सगळ्या राज्यांवर थेट कर बसला. पळालेल्या मालकांनी तो भरला नाही, म्हणून १८६२ च्या कायद्याने त्यांच्या जमिनी जप्त झाल्या आणि मार्च १८६३ पासून लिलावाला निघाल्या. पहिल्या लिलावात बरीचशी जमीन उत्तरेकडच्या भांडवलवाल्यांनीच उचलली, तरी काही मुक्त गुलामांनी वर्गणी काढून मळे घेतले. पुढे छोटे तुकडे एकरी दीड डॉलरने मिळू लागले. हातात विक्रीखत आलं, आणि ते कोर्टात टिकलं.

प्रसिद्ध 'चाळीस एकर' ही वेगळी गोष्ट. उत्तरेच्या जनरल शर्मनने १६ जानेवारी १८६५ ला सव्हानाहून कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला आणि किनाऱ्याच्या पट्ट्यात सुमारे चाळीस हजार मुक्त गुलाम वसले. पण त्यांच्याकडे मालकीचा कागद नव्हता, होता तो फक्त ताबा. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने त्याच वर्षी माफी मिळालेल्या मालकांना जमिनी परत दिल्या. ऑक्टोबरमध्ये मुक्त गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचा प्रमुख जनरल हॉवर्डला एडिस्टो बेटावरच्या चर्चमध्ये हे लोकांच्या तोंडावर सांगावं लागलं. हेन्री ब्रॅम, इश्माएल मोल्ट्री आणि येट्स सॅम्पसन या तिथल्या मुक्त गुलामांनी जमिनीसाठी जॉन्सनला लिहिलेला अर्ज छापून बरोबर न्या आणि एडिस्टोवर उभं राहून वाचा. त्या बेटावर जायचं खरं कारण हे आहे. ब्यूफर्टहून मात्र मोठा वळसा पडतो, तेव्हा ते चार्ल्सटनला जातानाच उरका.

ब्यूफर्टशेजारच्या सेंट हेलेना बेटाला पूर्ण दिवस द्या. ब्यूफर्टमधला वुड्स पूल होड्यांसाठी फिरतो आणि गाड्या खोळंबतात. वेळ ठरलेली असेल तर दक्षिणेकडच्या मॅकटीर पुलाने जा. पेन सेंटर हे १८६२ साली लॉरा टाउन आणि एलन मरे यांनी काढलेल्या शाळेचं आवार. समोरचं ब्रिक चर्च १८५५ साली गुलामांनी बांधलं आणि शाळेचे वर्ग काही काळ तिथेच भरले. आधी संग्रहालय, मग चर्च, मग गाडीने आतले रस्ते. घरांची ठेवण बघा: एकाच कुटुंबाची तीन-चार घरं एका तुकड्यावर. मृत्युपत्र न करता माणूस गेला की जमीन सगळ्या वारसांची सामायिक होते, कोकणात सातबाऱ्यावर नावं वाढत जातात तशीच. मग बाहेरचा खरेदीदार एका वारसाचा हिस्सा घेतो, कोर्टातून वाटप मागतो आणि सगळी जमीन लिलावात जाते. तेव्हा कोर्टातही टिकलेली जमीन या वाटेने गेली, हे पाहून संताप येतो. याला आळा घालणाऱ्या राज्याच्या कायद्याला क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव आहे. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये मारले गेलेले पाद्री ते हेच.

ब्यूफर्टजवळच्या कॅम्प सॅक्स्टन या छावणीत १ जानेवारी १८६३ ला मुक्तीचा जाहीरनामा वाचला गेला. शेजारी नौदलाचं रुग्णालय आहे, तो लष्करी तळ. आपल्या पासपोर्टवर फाटकातून आत सोडतील असं धरू नका. फोर्ट फ्रेडरिक या जुन्या किल्ल्याच्या बाजूने जा.

सगळ्यात वाईट टप्पा हिल्टन हेड बेटाचा. नकाशावर खाडीपलीकडे दिसतं, पण सरळ पूल नाही. वळसा सुमारे चाळीस मैलांचा, आणि शेवटी २७८ क्रमांकाचा एकच रस्ता. उन्हाळ्यात भाड्याच्या घरांतले पाहुणे शनिवारी बदलतात, त्यामुळे शनिवारी तिथे अडकलात तर दिवस गेला. बेटावरच्या काही फाटकबंद वसाहतींच्या नावात आजही 'प्लँटेशन' आहे आणि कुठे कुठे नुसती गाडी आत न्यायला पैसे घेतात. देऊ नका. मिचेलव्हिल फाटकाबाहेर आहे, विमानतळाजवळ. १८६२ साली मुक्त गुलामांनी वसवलेलं हे गाव. त्यांनी स्वतःचं मंडळ निवडलं आणि सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना शाळा सक्तीची केली. मूळ घर एकही उरलेलं नाही, माहितीफलक वाचूनच गाव उभं करावं लागतं. तरीही जा.

जून ते सप्टेंबर टाळा. दमट उकाडा असतो. दलदलीतल्या बारीक चिलटांचा त्रास मात्र वसंतात आणि शरदातही होतो. पूर्ण बाह्या आणि डीटचं, म्हणजे किडे दूर ठेवणारं, मलम हवंच. ओहोटीला चिखलात उतरू नका, गुडघ्यापर्यंत रुतायला होतं.

चार्ल्सटनमध्ये हॅम्प्टन पार्क चुकवू नका. १ मे १८६५ ला मुक्त गुलामांनी इथल्या शर्यतीच्या मैदानावर उत्तरेच्या २५७ मृत सैनिकांना मानवंदना दिली. आज उद्यानाला नाव आहे दक्षिणेचा सेनानी वेड हॅम्प्टनचं, ज्याच्या समर्थक रेड शर्ट टोळ्यांनी १८७६ च्या निवडणुकीत दहशतीने पुनर्रचना मोडली.

कोलफॅक्ससाठी मुद्दाम इथून लुइझियाना गाठू नका. तिकडे जाणार असाल तरच अलेक्झांड्रियाहून अर्ध्या तासाची वाट वाकडी करा. हत्याकांडाला 'दंगल' म्हणणारा सरकारी फलक २०२१ मध्ये काढला. २०२३ च्या स्मारकावर मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांची नावं आहेत, ती आधी वाचा. मग कबरस्तानातला १९२१ चा स्तंभ बघा; 'गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना' पडलेल्या तिघांचा म्हणून तो अजून उभा आहे. खाणं आणि पेट्रोल अलेक्झांड्रियातच घ्या.