तुम्ही विचारलंत म्हणून: त्यातले किती जण चर्चमध्ये येऊ लागले?

हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. एक बाजू आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चमधल्या माणसांची. रविवारी उपासना सुटली की कुणीतरी जवळ येतं, वस्तीत आम्ही मदतीसाठी चालवतो त्या खोलीची चौकशी करतं, चांगलं चाललंय म्हणतं आणि मग हळूच विचारतं, "पण ताई, त्यातले किती जण चर्चमध्ये येऊ लागले?" आवाजात आशा असते. दुसरी बाजू बाहेरची. नोकरीतले सहकारी, इमारतीतले शेजारी, कधी आमच्या अभ्यासवर्गात येणाऱ्या मुलाचे वडील. प्रश्न तोच, आवाजात संशय. "खरं सांगा, यातल्या कितींना चर्चमध्ये नेलंत?"

दोघांनाही मी एकच उत्तर देते. फार थोडे आले, आणि आम्ही तो आकडा ठेवत नाही. लपवतो असं नाही, आमच्या वहीत तो रकानाच नाही. का नाही, हे दारात उभं राहून दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी काम काय ते. वस्तीत तळमजल्यावर आमच्या मंडळीने एक खोली भाड्याने घेतली आहे. ती ठरलेल्या संध्याकाळी उघडते. तिथे मुलांचा अभ्यास घेतला जातो, मोठ्यांचे अर्ज भरून दिले जातात. दवाखान्यात सोबत हवी असेल तर कुणीतरी जातं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसतो. एवढंच. खोली घेण्याआधी बरेच महिने आम्ही नुसतं विचारत फिरलो. मंडळीत पुष्कळांचा ओढा शिवणवर्गाकडे होता, पण वस्तीतल्या बायकांनी मागितलं ते अर्ज भरून देणारं माणूस.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. एक आजी येतात. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्या आत दुसरी पिशवी आणि तिच्यात घड्यांवर चिरलेले कागद. एका कागदावर नावापुढे वडिलांचं नाव, दुसऱ्यावर नवऱ्याचं. जन्मसाल दोन ठिकाणी दोन. खिडकीवर कागद परत सरकवले जातात. का ते कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी त्यांना कळेल असं सांगत नाही. आमची स्वयंसेविका ते सगळे कागद टेबलावर तारखेप्रमाणे ओळीने मांडते. कुठलं नाव धरून चालायचं ते आजींना विचारून ठरवते. आधी कुठे दुरुस्ती, मग कुठे अर्ज, हे कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते आणि ते त्यांच्याकडून एकदा म्हणून घेते. अख्खी संध्याकाळ त्यात जाते.

कागद पुन्हा पिशवीत गेले की आजी विचारतात, "किती द्यायचे?"

काही नाही म्हटलं की त्या जागीच थांबतात. आजवर कुठल्याच टेबलापाशी त्यांचं काम फुकट झालेलं नसतं. पैसे नकोत म्हणजे दुसरं काहीतरी मागणार, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं आहे. आता समजा त्याच क्षणी मी हसून म्हटलं, "काही नको आजी, फक्त रविवारी आमच्या उपासनेला या." त्या येतील. नातवंडांना घेऊन येतील आणि मागच्या बाकावर अंग चोरून बसतील. आमच्या मंडळीतल्या कुणाला तरी वाटेल, देवाने माणसं दिली. मला विचाराल तर मी आजींकडून कामाचे पैसे घेतले, फक्त नाण्यांत घेतले नाहीत.

माझं सगळं म्हणणं या एका क्षणाभोवती आहे. टेबलाच्या या बाजूला मी आहे, माझ्या हातात पेन आहे, आणि पलीकडच्या माणसाला माझी गरज आहे. अशा वेळी मी दिलेलं आमंत्रण तिच्या कानावर आमंत्रण म्हणून पडत नाही. नाही म्हणायची तिला मोकळीकच नसते. ज्या विश्वासाला नाही म्हणता येत नाही, त्याला विश्वास म्हणायला मी तयार नाही. आणि ज्या प्रभूवर माझा विश्वास आहे, त्याने कुणाच्या अडचणीचा असा फायदा घेतल्याचं शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांत, मला कुठे सापडत नाही.

लूककृत शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात दहा कुष्ठरुग्णांची गोष्ट आहे. ते लांब उभे राहून हाका मारतात. येशू त्यांना याजकांकडे जायला सांगतो आणि वाटेत ते बरे होतात. दहांतला एकच परत येऊन पाया पडतो, आणि तोही शोमरोनी, म्हणजे त्या काळच्या यहुद्यांच्या दृष्टीने परका. येशू विचारतो खरा, बाकीचे नऊ कुठे आहेत? पण त्या नवांचं बरं होणं काढून घेतलं जात नाही. ते घरी गेले, बायकापोरांना भेटले, पुन्हा माणसांत आले. बरं करण्याआधी दहांपैकी कुणालाही अट घातली नव्हती. आमच्या मंडळीतल्या ज्यांना आकडा हवा असतो, त्यांना मी हा उतारा पुन्हा वाचायला सांगते. दहांना द्यायची तयारी नसेल, तर त्या एकाची वाट पाहायचा अधिकार आपल्याला कुठून आला?

म्हणून खोलीत काही गोष्टी ठरलेल्या आहेत. मदतीच्या पिशवीत पत्रक घालायचं नाही. अभ्यासवर्गात बायबलच्या गोष्टी सांगायच्या नाहीत. आईवडिलांनी मूल गणितासाठी पाठवलं आहे, तर गणितच शिकवायचं. कुणी आपणहून म्हणालं, "माझ्यासाठी प्रार्थना करा," तर जरूर करायची, पण रांगेतल्या सगळ्यांसमोर नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून नवस बोलल्यासारखी वचनं द्यायची नाहीत. मदत घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही. या शेवटच्या नियमावर आमच्यात सगळ्यांत जास्त वाद झाला, कारण देणगी देणाऱ्यांना फोटो हवे असतात. त्या बैठकीत आमच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातला दानधर्माचा भाग वाचून दाखवला. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे सांगणाऱ्याच्या नावाने मोबाइल पुढे करणं कसं जमायचं?

बाहेरच्या वाचकांना इथे एक सांगायला हवं. आम्ही कोण आहोत हे आम्ही झाकत नाही. दारावरच्या पाटीवर मंडळीचं नाव आहे. लपून काम करणं हासुद्धा फसवणुकीचाच प्रकार आहे, असं मला वाटतं. समोरच्या माणसाला आपण कुणाच्या दारात आलो हे पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे, म्हणजे परत जायचं असेल तर तो जाऊ शकतो. आणि हे का करता असं कुणी विचारलं, तर मी सरळ सांगते: येशूने मला असंच काही न मागता स्वीकारलं, म्हणून. विचारलं तर सांगायचं आणि विचारलं तेवढंच सांगायचं.

काही जणांना हे नवं, पातळ केलेलं ख्रिस्तीपण वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम हा वीस वर्षांचा विद्यार्थी वादसभांमध्ये ख्रिस्ती धर्माची बाजू मांडत असे. प्रतिपक्षाने त्याला गाठलं: जुन्या काळात तुमच्या धर्माने पुष्कळ केलं असेल, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? ओझानामने आणि त्याच्या मित्रांनी त्यावर आणखी एक भाषण ठोकलं नाही. त्याच शहरातल्या गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे ते गेले. लोकांच्या घरी कसं जायचं, कसं बसायचं, कसं ऐकायचं, हे त्यांनी या मुलांना शिकवलं. त्यातून उभी राहिलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आज शंभराहून अधिक देशांत आहे. घरभेट हे तिचं मुख्य काम अजूनही तसंच आहे.

विल्यम बूथ यांचा मार्ग वेगळा होता. 1865 साली लंडनच्या पूर्व भागात त्यांनी सुरू केलेल्या कामातून सॅल्व्हेशन आर्मी उभी राहिली. ते भर रस्त्यात प्रवचन करत आणि ते कुणापासून लपवत नसत. प्रवचन आणि मदत इतकी जवळजवळ ठेवावी का, याबद्दल माझं मत त्यांच्यापेक्षा वेगळं आहे. पण त्यांच्या काडेपेटीच्या कारखान्यापुढे मी नमते. त्या काळी काड्यांसाठी पांढरा फॉस्फरस वापरत आणि त्याच्या वाफेने कामगारांच्या जबड्याची हाडं सडत. सॅल्व्हेशन आर्मीने 1891 साली लंडनमध्ये स्वतःचा कारखाना काढला, कमी घातक लाल फॉस्फरस वापरला आणि मजुरीही जास्त दिली. पुढे 1908 साली ब्रिटनमध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर कायद्यानेच बंदी आली. ज्या बाईचा जबडा वाचला, तिचा धर्म कुठला हे काडेपेटीवर लिहिलेलं नव्हतं.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते चॅड व्हारा यांचं काम. हे लंडनमधले अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे, पाळक. 1953 साली त्यांनी आत्महत्येचे विचार मनात येणाऱ्यांसाठी चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला. माणसं फोन करू लागली, तशी प्रत्यक्षही येऊ लागली. व्हारांची भेट मिळेपर्यंत बाहेर बसलेल्यांशी काही साधे स्वयंसेवक बोलत असत. व्हारांच्या लक्षात आलं की पुष्कळांना तेवढंच पुरत होतं. कुणीतरी शांतपणे ऐकून घेतलं की ते मोकळे होऊन परत जात, पाळकांना भेटायची गरज उरत नसे. पुढच्याच वर्षी त्यांनी ते ऐकण्याचं काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. तीच समॅरिटन्स ही संस्था. फोन करणाऱ्यावर स्वयंसेवकाने आपला धर्म लादायचा नाही, हा तिथला पक्का नियम. एका पाळकाने, चर्चच्या इमारतीत बसून, हा नियम केला. त्यासाठी त्यांचा विश्वास कमी पडला असेल असं मला तरी वाटत नाही.

आणि आपल्याकडचं उदाहरण नागपाड्याचं. मुंबईत शतकाहून अधिक काळ काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनने 1926 साली शहरातल्या गरीब वस्तीसाठी संस्था काढायचं ठरवलं. तेच नागपाडा नेबरहुड हाउस. क्लिफर्ड मॅन्सहार्ट हे तिचे पहिले संचालक, शिकागोला धर्मशास्त्र शिकून आलेले. वस्तीत काम करता करता त्यांना प्रशिक्षित माणसांची उणीव जाणवत गेली. 1936 साली समाजकार्याचं शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा यांच्या नावाची संस्था सुरू झाली, तिचेही पहिले संचालक तेच. आज आपण तिला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. तिथून शिकून गेलेल्या सगळ्या धर्मांच्या माणसांनी देशभर केलेलं काम आमच्यासारख्या मंडळीने कुठल्या रकान्यात लिहावं?

मग आम्ही काहीच मोजत नाही का? मोजतो. किती अर्ज मंजूर झाले, किती परत आले आणि कशासाठी, हे लिहितो. वर्गातलं कुठलं मूल यायचं थांबलं, त्याच्या घरी कोण जाऊन आलं, हे लिहितो. खोली ठरलेल्या वेळेला उघडली का, हे तर आवर्जून लिहितो. वस्तीतल्या माणसांनी येऊन गेलेल्या संस्था पुष्कळ पाहिल्या आहेत. दार सांगितलेल्या वेळी उघडतं की नाही, यावरच ते आम्हाला जोखतात.

संशयाने विचारणाऱ्या वडिलांना मी एवढंच म्हणते: वर्गात येऊन बसा, कुणी अडवणार नाही. काही जण खरंच येतात. एक जण बरेच दिवस मागे सतरंजीवर बसत, मुलाचं गणित संपेपर्यंत. मग ते यायचे थांबले, मुलगा येत राहिला. तो आता नववीत आहे आणि त्याचं घर ज्या देवाची पूजा करतं, त्याचीच करतं.

काही थोडे चर्चमध्येही आले, हे खरं आहे. त्यांनी आपल्या पायांनी येऊन, आपले प्रश्न विचारून, स्वतःचा वेळ घेऊन ते ठरवलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे, तो मी का लपवू? पण त्यांची नावं मी वार्षिक अहवालात घालणार नाही. त्यांची गोष्ट त्यांची आहे. सांगावीशी वाटली तर ते सांगतील.

मंडळीच्या येत्या सर्वसाधारण सभेत अहवालात तसा रकाना घालावा अशी सूचना येणार आहे, असं कळलं. सूचना आणणारी माणसं चांगली आहेत. खोलीचं भाडं भरायला त्यांनीच सर्वांत आधी हात पुढे केला होता. तरी मी विरोधात बोलणार आहे, आणि त्यासाठीच हे सगळं लिहून काढलं. मंडळीतल्या प्रत्येकाला माझी एकच विनंती आहे. मत देण्याआधी एका संध्याकाळी खोलीवर या आणि अर्जांच्या टेबलापाशी बसा. येताना आपलं पेन आणा, तिथे ते नेहमी कमी पडतात.