सिन्नरची गारगोटी, खाणीतला ढिगारा: झिओलाइट ओळखण्यासाठी दोन दिवस

पुण्याहून पहाटे निघालं की नाशिक महामार्गाने दुपारच्या आत सिन्नर येतं. माळेगाव औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांनी उभारलेलं ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालय आहे. आधी इथेच जावं, खाणीत दुसऱ्या दिवशी. खाणीत हाती लागतात ते बहुतेक तुटके तुकडे, आणि अख्खा स्फटिक कसा असतो हे पाहिलेलं नसेल तर त्या तुकड्यांचा काहीच बोध होत नाही. जाण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्या.

काचेआडच्या नमुन्याला चाकू लावता येत नाही, म्हणून तिथे दोनच गोष्टी बघायच्या: आकार आणि चमक. झिओलाइट म्हणजे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत वाढणारी, आत पाणी धरून ठेवणारी खनिजं. त्यांतले स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट शेजारी शेजारी ठेवलेले शोधा आणि त्यांच्यासमोर निवांत थांबा. दोघांची कठिनता (१ ते १० च्या मोह्स मापावर) ३.५ ते ४, दोघांचं विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच पाण्याच्या किती पट जड) २.२ च्या आसपास, दोघांच्या पाटनाच्या, म्हणजे सरळ फुटण्याच्या पृष्ठावर मोत्यासारखी चमक. म्हणजे चाकूचा ओरखडा आणि वजनकाटा दोन्ही इथे निरुपयोगी. स्टिल्बाइट मधोमध बांधलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा दोन्ही टोकांना पसरतो, ह्यूलँडाइट शवपेटीसारखा मध्ये रुंद असतो. हा फरक डोळ्यांत बसला की सकाळ सत्कारणी लागली.

दुसऱ्या दिवशी दगडखाण. मालकाची परवानगी आदल्या दिवशीच घ्या आणि सुरुंगाची वेळ विचारा. हेल्मेट, जाड तळव्याचे बूट आणि हातोडी मारताना चष्मा हवाच. उभ्या कड्याखाली जाऊ नका. खडी करण्यासाठी बाजूला टाकलेला ढीग पुरेसा असतो. पावसाळ्यात खाणीत पाणी साचतं, कडे सुटतात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. अजिंठा किंवा पांडवलेणीच्या परिसरात मात्र हातोडी काढायचीच नाही, ती संरक्षित स्मारकं आहेत.

सोबत दहापट भिंग, पोलादी चाकू, तांब्याचा तुकडा, ड्रॉपरच्या बाटलीत पांढरं व्हिनेगर आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. कस, म्हणजे खनिज घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग, पाहायची फरशी घरी ठेवली तरी चालेल. इथली बहुतेक खनिजं पांढराच कस देतात.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती अपोफिलाइट हे खनिज आणि गार (क्वार्ट्झ) यांच्या पारदर्शक टोकांत. पृष्ठावरच्या रेघा बघा: गारेच्या सहा बाजूंवर त्या आडव्या, अपोफिलाइटच्या चार बाजूंवर उभ्या. माथा सपाट असेल आणि तिरक्या उजेडात मोत्यासारखा चमकत असेल, तर अपोफिलाइटच. मग चाकू. अपोफिलाइट (४.५ ते ५) ओरखडतो, गार (७) नाही. पण गारेवरही एक करडी रेघ उमटते आणि नवखा माणूस तिला ओरखडा समजतो. ते चाकूचं लोखंड असतं. ओलं बोट फिरवा: पुसलं गेलं तर लोखंड, भिंगाखाली चर दिसला तर खरा ओरखडा. चाचणी नेहमी ताज्या तुटलेल्या पृष्ठावर करा, कुजका थर मऊच लागतो. स्कोलेसाइट या झिओलाइटच्या सुयांच्या झुबक्यावर चाकू चालवूच नका. सुया मोडतात आणि ५ कठिनतेचं खनिज २ चं वाटतं.

कॅल्साइट तीन दिशांनी तिरक्या ठोकळ्यांत फुटतो आणि तांब्याच्या तुकड्याने जेमतेम ओरखडतो. त्याचा चुरा करून त्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे येतात. अख्ख्या तुकड्यावर ते इतके सावकाश येतात की नजरेतून सुटतात.

विशिष्ट गुरुत्व मुक्कामी आल्यावर काढा. आधी कोरड्या तुकड्याचं वजन घ्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. तुकडा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकवा. तो तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता दिसेल तो आकडा म्हणजे घनफळ. ४७.२ ग्रॅमच्या तुकड्याला २०.१ आकडा आला तर भागाकार २.३५, म्हणजे अपोफिलाइट. कॅल्साइट २.७१ देतो, गार २.६५, हे दोघं इतके जवळ आहेत की त्यांचा निवाडा चाकूनेच करा. उत्तर कमी आलं तर खाचांत हवेचे बुडबुडे अडकलेत: पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि ब्रशने ते झटका. काळा पाषाण चिकटलेला नमुना मोजून उपयोग नाही.

झिओलाइटची खात्री करायची तर कणभर चुरा कोरड्या परीक्षानळीत तापवा. नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेटने १७५६ मध्ये झिओलाइट, म्हणजे ‘उकळणारा दगड’ हे नाव दिलं ते याच गुणावरून. नळीचं तोंड किंचित खाली ठेवा, नाहीतर थेंब मागे ओघळून गरम काच तडकते. अपोफिलाइटही पाणी सोडतो, पण तो झिओलाइट नाही. म्हणून ही चाचणी एकटी पुरत नाही.

ओकेनाइट या खनिजाचे कापसासारखे पांढरे गोळे मिळाले तर बोट लावू नका, धुऊ नका. चेपलेले तंतू परत उभे राहत नाहीत. विक्रीला दिसणारा गुलाबी किंवा निळा ओकेनाइट रंगवलेला असतो. डब्याच्या तळाला दगडाची बाजू चिकटपट्टीने पक्की करा आणि वर झाकणापर्यंत मोकळी जागा सोडा. लॉमोन्टाइट हा झिओलाइट मात्र कितीही जपून आणला तरी कोरड्या हवेत पाणी गमावून भुगा होतो. त्याचे फोटो खाणीतच काढून घ्या.