चेरीचे वाण निवडताना: जोडी, फुलोरा आणि पाऊस

माझ्या एका सहकाऱ्याच्या घरची जमीन शिमला जिल्ह्यात, कोटखाईच्या वरच्या अंगाला, साधारण २,००० मीटर उंचीवर आहे. तिथली सफरचंदाची जुनी झाडे काढून त्या जागी गोड चेरी लावावी, असे त्याच्या वडिलांच्या मनात आहे. मी पुण्यात फळबागशास्त्र शिकलो असल्यामुळे त्यांनी केलेली वाणांची यादी तपासायला माझ्याकडे आली. यादीत दोनच नावे होती: बिंग आणि लॅम्बर्ट. दोन्ही वाण नावाजलेले आहेत, दोन्हींचे फळ मोठे, गडद आणि चवीला उत्तम असते. तरीही ही दोनच लावली असती, तर एप्रिलमध्ये डोंगरउतार पांढऱ्या फुलांनी भरला असता आणि फळ मात्र जवळपास धरलेच नसते.

याचे कारण फुलाच्या आत आहे. गोड चेरीचे बहुतेक वाण स्वतःचा पराग स्वीकारत नाहीत. परागकण स्त्रीकेसराच्या टोकावर पडतो, रुजतो, त्याची नळी खाली उतरू लागते. पण परागाचा जनुकीय प्रकार त्या फुलाच्या दोन प्रकारांपैकी एकाशी जुळला, की नळीची वाढ वाटेतच थांबते आणि ती बीजांडापर्यंत पोहोचतच नाही. शास्त्रज्ञ या प्रकारांना ‘एस’ हे अक्षर आणि क्रमांक देतात. बिंग हा एस३-एस४ आहे, लॅम्बर्टही एस३-एस४ आहे आणि जुना पिवळसर नेपोलियनही त्याच गटातला आहे. म्हणजे नावे निराळी असली तरी परागाच्या दृष्टीने ही तिन्ही झाडे एकमेकांना परकी नाहीत. याउलट व्हॅन हा एस१-एस३ आहे, त्यामुळे त्याचा निम्मा पराग बिंगला चालतो, आणि एस१-एस२ गटातल्या ब्लॅक टार्टेरियनचा तर सगळाच चालतो.

यावर एक देखणा उपाय गेल्या शतकात सापडला. इंग्लंडमधील जॉन इनेस संस्थेत क्ष-किरणांचा वापर करून असा पराग मिळवण्यात आला, की ज्यातील एस४ची ओळख पटण्याची यंत्रणाच निकामी झाली होती. त्यातून निपजलेल्या रोपाचा लॅम्बर्टशी संकर करून कॅनडातील समरलँड येथे स्टेला हा वाण तयार झाला आणि १९६८ मध्ये तो लागवडीसाठी आला. स्टेला स्वतःच्याच परागाने फळते, शिवाय त्याच वेळी फुलणाऱ्या जवळजवळ कोणत्याही वाणाला पराग पुरवू शकते. लॅपिन्स आणि स्वीटहार्ट हे वाण तिच्याच वंशातले. मात्र एकट्या स्वफलित वाणाने सगळी बाग भरावी, या मताचा मी नाही; सगळी फुले एकाच आठवड्यात उमलली आणि नेमकी तेव्हाच थंडी किंवा गारपीट आली, तर त्या वर्षीचा हंगाम सगळाच जातो.

जनुकांची जोडी जमली तरी फुलोरा जुळावा लागतो. लॅपिन्स लवकर फुलतो, जर्मनीतला रेजिना उशिरा. कागदावर लॅपिन्सचा पराग रेजिनाला चालतो, पण रेजिनाच्या कळ्या उमलेपर्यंत लॅपिन्सच्या पाकळ्या गळायला लागलेल्या असतात. रेजिनासोबत चेकियातला कॉर्डिया लावण्याची युरोपातली पद्धत म्हणूनच योग्य आहे. साधारणपणे ८ झाडांमागे १ परागदाता, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत बागेत मधमाश्यांच्या पेट्या, एवढे तरी हवेच.

आता पावसाविषयी, कारण माझ्या मते परदेशी याद्या आपल्याकडे जशाच्या तशा चालत नाहीत त्या याच ठिकाणी. अमेरिकेच्या वायव्य भागात उन्हाळा कोरडा असतो, म्हणून तिथला बागायतदार बिंगनंतर सुमारे ३ आठवड्यांनी पिकणारा स्वीटहार्ट निवांत लावतो आणि उशिराच्या फळाला चांगला भाव मिळवतो. हिमाचलात जूनच्या अखेरीस मोसमी पाऊस दाखल होतो. पिकत आलेल्या फळावर पाणी साचले की ते सालीतून आत शोषले जाते, गर फुगतो आणि साल तडकते. देठाच्या खोबणीत थेंब अडकून राहतात, म्हणून पहिली चीर बहुधा तिथेच अर्धवर्तुळाकार दिसते. बिंग या बाबतीत नाजूक आहे, रेजिना बराच सोशिक आहे. पण सोशिक वाणसुद्धा सलग पावसात तग धरत नाही. म्हणून तिथे उशिराच्या वाणाच्या मागे न लागता पावसाआधी तोडणी उरकेल असा क्रम लावणे मला शहाणपणाचे वाटते.

लवकर येणारा ब्लॅक टार्टेरियन या हिशेबात बसतो, पण त्याचा गर मऊ असतो. कोटखाईहून पुण्यातल्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल यायचा तर दीड हजार किलोमीटरहून अधिक प्रवास होतो. हिरवा, ताजा देठ आणि दाबल्यावर न बसणारा गर, एवढे पाहूनच व्यापारी पेटी बाजूला काढतो. त्यामुळे टार्टेरियन परागदाता म्हणून थोडा लावावा आणि त्याचे फळ शिमल्यातच विकावे, असे मी सुचवले.

खुंटाबद्दल, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर वाणाचे कलम बांधतात त्याबद्दल, थोडक्यात. स्थानिक पाजाच्या (रानटी हिमालयी चेरीच्या) खुंटावर झाड मोठे होते. गिसेला ५ या खुंटावर ते साधारण निम्म्या आकाराचे राहते आणि लवकर फळते, पण त्याला सुपीक माती आणि नियमित पाणी लागते. स्टेलासारखा भरघोस फळणारा वाण त्यावर बांधला आणि छाटणी ढिली पडली, तर फळ बारीक होते. महालेब या खुंटाला पाणथळ जमीन सोसत नाही. उतारावर पाणी मिळण्याची खात्री नसल्यामुळे गिसेला ५ टाळून कोल्ट या खुंटाचा मधला मार्ग मी निवडला असता, आणि तसे कळवलेही.

हे कळल्यापासून इथले काही परिचित विचारतात, की कमी थंडीत फळणारे सफरचंद मैदानात येते तर पुरंदर-भोरकडे चेरी का नको? मिनी रॉयल आणि रॉयल ली या कमी थंडीच्या चेरी-वाणांच्या जोडीलाही हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालचे ४०० ते ५०० तास लागतात, आणि पुण्याच्या हिवाळ्यात तसे तास फारच थोडे मिळतात. आपल्या रोपवाटिकांत चेरी म्हणून मिळणारे झुडूप बहुधा बार्बाडोस चेरीचे असते. ते चांगले आहे, भरपूर फळते, पण त्याचे कूळच वेगळे. पुरंदरच्या जमिनीत अंजीर आणि सीताफळ यांच्यावरच पैसा घालावा.

कोटखाईची सुधारलेली यादी आता अशी आहे: मुख्य वाण बिंग, ओळींमध्ये मिसळून व्हॅन आणि स्टेला, आणि कडेच्या उबदार बांधावर थोडी टार्टेरियन. लॅम्बर्ट वगळला आहे. कलमे घेताना प्रत्येक जुडीवर वाण आणि खुंट दोन्हींची नावे लिहून घ्यावीत, असा आग्रह मी धरला आहे, कारण पानगळीच्या काठ्या पाहून बिंग कोणता आणि व्हॅन कोणता हे ओळखणे अवघड असते, आणि सरमिसळ झाली तर ती फळे लागेपर्यंत कळत नाही.